‘गोव्यात निवडणूक नसते, लिलाव असतो’ म्हणे!

विधानसभेचे वारे वाहू लागले की हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा उगवतो. या खेपेला तो मला एकाच दिवशी तीन गटांतून आला. एक देवस्थानचा, एक शाळासोबत्यांचा आणि एक आमच्या डिचोलीकडच्या नाटकवाल्यांचा. मजकूर थोडक्यात असा: ज्याची थैली मोठी तोच निवडून येतो. मतदारसंघ एवढेएवढेसे, म्हणून मते विकत घेणे सोपे. पाकीट घेतले की मत द्यावेच लागते, कारण ‘त्यांना’ सगळे कळते. खर्चाची 28 लाखांची मर्यादा ही थट्टा आहे. भाऊसाहेबांच्या, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या, काळापासून हे असेच चालत आले आहे. आणि शेवटी सल्ला, की मतदानाच्या दिवशी घरी बसून हुमण-भात जेवा, उगाच रांगेत उभे राहू नका.

पैसा फिरतो, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाकडे आज तीन पेट्या आहेत. तिन्ही निवडणुकीच्या वर्षातच आल्या. वाजवणारा मात्र एकच आहे, आणि तो अजून आपली जुनी, चौथी पेटीच वाजवतो. पण पैसा फिरतो आणि पैसा जिंकतो ही दोन वेगळी वाक्ये आहेत. निरोप लिहिणाऱ्याने ती एकाच दमात म्हणून टाकली.

‘ज्याची थैली मोठी तोच निवडून येतो.’ 2022 ची विधानसभा आठवा. तृणमूल काँग्रेस गोव्यात उतरली तेव्हा काणकोणपासून पेडण्यापर्यंत फलक लागले होते. घरातल्या बाईला महिन्याला 5 हजार रुपये देण्याचे आश्वासन होते, त्याची कार्डेही वाटली गेली. त्या पक्षाने निवडणूक आयोगाला स्वतःच दाखवलेला गोव्यातला खर्च 47.54 कोटी रुपये. उमेदवार 26. मते 5 टक्क्यांच्या आसपास आणि जागा शून्य. भाजपने दाखवलेला खर्च 17.75 कोटी, आणि जागा 20. भागाकार करून पाहिला तर तृणमूलला एक मत नऊ हजारांहून महाग पडले, भाजपला पाच-सहाशेंना. कुणी म्हणेल, हे फक्त कागदावरचे आकडे. बरोबर आहे, पाकिटातला पैसा आयोगाच्या तक्त्यात कुणी लिहीत नाही. पण मग ‘थैली’ किती मोठी होती हे निरोपवाल्याला तरी कुठून कळले? त्याने निकाल पाहिला, जिंकलेला माणूस पाहिला आणि थैली त्याच्या खांद्यावर नंतर टांगली.

2024 च्या लोकसभेला दक्षिण गोव्यात भाजपने पल्लवी धेंपे यांना उभे केले. पती-पत्नीची मिळून सुमारे 1,400 कोटींची मालमत्ता प्रतिज्ञापत्रात होती आणि त्यावर देशभर बातम्या झाल्या. समोर काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस, नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन. ते 13,535 मतांनी जिंकले. घरची श्रीमंती म्हणजे प्रचारखर्च नव्हे, हे मान्य. पण ‘लिलावा’त सगळ्यात मोठी बोली लावू शकणारा हरतो, त्याला लिलाव म्हणायचे कसे?

जिंकणाऱ्यांकडे बहुधा पैसा असतो, हेही खरेच. पण देणारा खुळा नसतो. जो येणार असे दिसते त्याच्याच दारात तो आधी उभा राहतो. म्हणजे कितीदा तरी जिंकण्याची शक्यता पैसा ओढून आणते आणि आपण ते उलटे वाचतो. स्टीव्हन लेविट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1994 मध्ये यावर छान युक्ती काढली. तेच दोन उमेदवार पुन्हा एकमेकांसमोर आलेल्या लढती त्याने निवडल्या. माणसे तीच आणि खर्च वेगळा, मग निकालात किती फरक पडतो? फारच थोडा पडला. अमेरिका म्हणजे आमचा सत्तरी तालुका नव्हे, एवढे मलाही कळते. म्हणून मुंबईचे उदाहरण घ्या. तिथल्या निवडणुकांतल्या वाटपाचा अभ्यास सायमन शोशार यांनी केला. मते मिळतीलच अशी खात्री नसतानाही उमेदवार वाटतात, कारण समोरचा वाटतो आणि आपण एकट्याने हात आखडला तर मेलो, ही भीती. आमच्या तीन पेट्यांचे कोडे मला तिथे उलगडले.

‘मतदारसंघ छोटे.’ निरोपातला हा सगळ्यात दमदार मुद्दा. साडेअकरा लाखांच्या वर मतदार आणि 40 जागा, म्हणजे एका आमदारामागे 29 हजारांच्या आसपास. 2022 मध्ये साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी निवडून आले. पणजीत बाबूश मोन्सेरात यांनी उत्पल पर्रीकरांना 716 मतांनी हरवले. अशा लढतीत दोनशे पाकिटांनीही फरक पडू शकतो, हे मी नाकारणार नाही. पण छोटेपणा दोन्हीकडून कापतो. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्सचे विरेश बोरकर 76 मतांनी जिंकले. पक्ष नवाकोरा, आणि हरले ते सत्ताधारी पक्षाचे आमदार. वेळ्ळीत आम आदमी पक्षाचे क्रूझ सिल्वा 169 मतांनी आले. जो मतदारसंघ पायी पालथा घालता येतो, तिथे पैसे नसलेल्यालाही दार वाजवता येते.

शिवाय छोट्या मतदारसंघात खरे चलन वेगळेच असते. बांबोळीच्या इस्पितळात रात्री खाट मिळवून देणारा कोण, गृह आधार या सरकारी योजनेचे दीड हजार अडकले तर फोन कुणाला करायचा, मर्तिकाला कोण येऊन बसला, पोराला सरकारी खात्यात कोण ‘लावणार’. या शेवटच्यावरूनच 2024 च्या अखेरीस नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे बाहेर आली आणि माणसे अटकेत गेली. त्यात पैसा मतदाराकडून वर जात होता! आदल्या रात्रीच्या पाकिटावर डोळे लावून बसलेल्या निरोपाला पाच वर्षांचा हा व्यवहार दिसतच नाही.

‘त्यांना सगळे कळते.’ मतदान यंत्र तुमचे नाव कुणाला सांगत नाही. मात्र मतमोजणी केंद्रवार होते आणि आपल्याकडे एका केंद्रावर साधारण सातशेच मतदार. अमुक वाड्याने मते दिली नाहीत, एवढे उमेदवाराला दुपारपर्यंत कळते. मग रस्ता रखडतो, नळाला पाणी येत नाही. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर इलाज आहे. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे टोटलायझर नावाचे यंत्र वापरू द्या, असे निवडणूक आयोगाने 2008 मध्येच सुचवले. विधी आयोगानेही 2015 मध्ये त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मानले नाही. चीड यायचीच असेल तर इथे यावी. निरोपात याचे नावसुद्धा नाही.

‘28 लाखांची मर्यादा ही थट्टा.’ इथे निरोप अर्धा बरोबर आहे. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला नाही. पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये म्हटले होते. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 मध्ये ती वाट थोडी अरुंद झाली, बुजली नाही. 2018 मध्ये पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याचे निवडणूक रोखे आले आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी न्यायालयाने ते रद्द केले. म्हणजे भोक नेमके कुठे आहे ते माहीत आहे आणि ते पाडणारेही माहीत आहेत.

‘भाऊसाहेबांच्या काळापासून.’ भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते, हे खरेच. पण 1963 मध्ये गोव्यातल्या 28 जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. दिल्लीत तिची सत्ता होती आणि मुक्तीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. साधनांत काँग्रेस कमी नव्हती. बहुजन समाजातल्या कुळा-मुंडकारांनी (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा) भाऊसाहेबांच्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, मते दिली ती पाकिटासाठी, असे म्हणायचे असेल तर आधी आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणाला तरी विचारून या.

मग पैसा चालतो कुठे? मला विचाराल तर दोन टोकांना. एक, उमेदवारीच्या दारात. पंचायत बरी चालवलेला एखादा पंच विधानसभेला का उभा राहत नाही, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. तो मतांचा हिशेब सांगत नाही, गाड्यांचा आणि पोरांच्या जेवणाचा सांगतो. दुसरे टोक निकालानंतरचे. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपची वाट धरली. 2022 मध्ये पुन्हा तसे होऊ नये म्हणून उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा दिल्या. सप्टेंबरात 11 पैकी 8 गेले. कुणाला काय मिळाले याचे आरोप खूप झाले, सिद्ध काही झाले नाही, म्हणून मी त्यात पडत नाही. पण मतदाराचा कौल तिथे फिरला आणि त्या दिवशी कुठल्याच वाड्यावर पाकीट वाटले गेले नव्हते.

राहिला हुमण-भाताचा सल्ला. पाकीट घेतलेला मतदार घरी बसत नाही. त्याला आणायला गाडी येते. घरी बसतो तो पाकीट न घेतलेला, निरोप वाचून वैतागलेला. सांत आंद्रेत असे 76 जण जास्त घरी बसले असते, तर काय झाले असते ते मोजायला यंत्र लागत नाही. मी हेच तिन्ही गटांत लिहिले. नाटकवाल्यांनी अंगठा दाखवला, शाळासोबत्यांत भांडण जुंपले, आणि देवस्थानच्या गटात दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निरोप पुन्हा आला, गुलाबाच्या फुलासकट.