रिमिक्स म्हणजे सुधारणा नव्हे

‘जुन्या रॉक अल्बमचं नवं रिमिक्स मूळ आवाजापेक्षा सरसच असतं,’ असा दावा सध्या फिरतोय. तो सरसकट खरा नाही.

आधी एक घोळ मिटवू. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणावरच, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवलेल्या मुद्रणावरच, हात फिरवतात. रिमिक्समध्ये मूळ ट्रॅक, म्हणजे गाणं, ड्रम वगैरेंची वेगवेगळी मुद्रणं, सुटे करून मिश्रण नव्याने बांधतात.

बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ घ्या. चार ट्रॅकच्या मशीनवर जागा संपली की भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवत. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढे, बारकावे बुजत. २०१७च्या रिमिक्ससाठी संगीत-निर्माते जाइल्स मार्टिन यांनी त्या आधीच्या टेप वापरल्या, म्हणून ड्रम आणि बास इतके मोकळे ऐकू येतात. हा फायदा खराच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण बँडने स्वतः लक्ष घालून करून घेतलं होतं ते मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीतून येणारं, मिश्रण. डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचं स्टिरिओ नंतर घाईत उरकलं गेलं. नवं रिमिक्स त्या स्टिरिओला मागे टाकतं, असं माझं स्पष्ट मत. मोनोला नाही. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, हा निर्णय त्या कलाकृतीचाच भाग असतो, आणि तो ५० वर्षांनी दुसऱ्याने घेतला की हाती येतं ते नवं अर्थघटन. मूळ मिश्रणही विक्रीत राहिलंच पाहिजे.