रेसच्या आधीचा आराम कोणाला पाहिजे बाप्पा

मॅरेथॉनचे 42 किलोमीटर पळणं कठीण आहे हे सगळेच सांगतात, पण त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे कमी पळणं किती कठीण आहे ते कोणी सांगत नाही. याला टेपरिंग म्हणतात. शास्त्र एकदम पक्कं आहे: एकूण किलोमीटर 40 ते 60 टक्क्यांनी कमी करा, पण स्पीड उतरवू नका, आठवड्यातले पळायचे दिवसही फार तोडू नका. झिजलेले मसल भरून येतात, ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या इंधनाचा, साठा फुल होतो, अन् टायमिंग दोन-तीन टक्क्यांनी सुधारू शकतं, म्हणजे 4 तासवाल्याचे पाच-सात मिनिटं वाचले समजा.

पाच-सात मिनिटांसाठी अख्खं घर डोक्यावर घ्यायचं, असा सौदा आहे हा.

पहाटे डोळा उघडतोच, मग नागपूरच्या फुटाळा तलावाकडे जाऊन थोडं पळायचं, मधात दोन-चार तुकडे जोरात मारायचे अन् अंगात खरी मजा यायला लागली की घरी वापस. बाकीचा ग्रुप सेमिनरी हिल्सच्या चढावर जाऊन राहिला असतो, त्यातला एक जण रोज ओरडतो, "काहून बे, झालं का इतक्यात?" त्यात वर्षभर गुपचूप बसलेला डावा गुडघा आत्ताच बोलायला लागतो. जिना उतरताना कट्ट. दुपारी उजवा. रात्री असं वाटते की घसाही खवखवून राहिला, अन् ऑफिसात कोणी शिंकलं की मी फाइल घेऊन सरळ दुसऱ्या मजल्यावर.

शेजारच्या काकांचं वेगळंच. "आम्ही परीक्षा जवळ आली की अभ्यास वाढवायचो, हा पोट्टा बंद करून राहिला!" बंद नाही काका, कमी, असं मी रोज सांगतो, ते रोज मान हलवतात.

वजनाचा काटा तर दुश्मनच. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत शरीर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे काटा किलोभर वर जाऊ शकतो, यात घाबरायचं काही नाही. हे बायकोला नीट समजावून सांगितलं. तिनं माझ्या हातातल्या प्लेटकडे पाहिलं अन् विचारलं, "सगळं पाणीच का? मग तर्री पोहे कुठं गेले?"

आईला मात्र एकच गोष्ट समजली, पोरगा सकाळी घरी असते. "माळा साफ करून दे न."

"आई, पाय ताजे ठेवायचे आहेत."

"मंग हातानं कर. पायानं कोण साफ करते?"

बरीच झकझक झाली, शेवटी रेसच्या दुसऱ्या दिवसावर तोड निघाली. रिकव्हरी वीक नावाचाही एक प्रकार असतो, ते तिला अजून सांगायचं आहे.