काचेसारखा चेहरा हवाय? मग सगळ्यात आधी झोप सोडा

बघा, तुमचा चेहरा आत्ता बरा आहे. एखादी पुटकुळी, नाकावर थोडे ब्लॅकहेड्स, दुपारनंतर जरा तेलकट, बास. कोरियन स्किनकेअर, म्हणजे रोजचं दहा पायऱ्यांचं रूटीन, सुरू करायला हीच योग्य वेळ, कारण खरंच काही बिघडलेलं असलं की माणूस सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जातो आणि रूटीनबिटीन बाजूलाच राहतं. ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यासाठी आहे हे सगळं. आपल्याला काय झालंय ते रात्री दीड वाजता रील बघताना आपोआप कळतं.

आधी शब्द शिकून घ्या, बाटल्या नंतर. टोनर म्हणजे तोंड धुतल्यावर लावायचं पाण्यासारखं पातळ द्रव, कोरियात त्याला सरळ 'स्किन' म्हणतात, आणि तोच सात वेळा एकावर एक थापला की त्याला 'सेव्हन स्किन' म्हणायचं. ओलसर टवटवीत चेहरा म्हणजे 'छोक-छोक', मधासारखी चकाकी म्हणजे 'क्कुल-ग्वांग', पाण्यासारखी असेल तर 'मुल-ग्वांग', आणि या सगळ्यांच्या वरचा मुक्काम म्हणजे ग्लास स्किन, जी २०१७ च्या आसपास जगभर पसरली. एवढं पाठ झालं की घामाने डबडबलेला चेहरासुद्धा मुल-ग्वांग म्हणून खपवता येतो. मी खपवलाय.

मग डबल क्लेन्झिंग, आधी तेल आणि मग फेसवॉश. यामागचा विचार बरोबर आहे हो, सनस्क्रीन, मेकअप, चेहऱ्याचं स्वतःचं तेल हे सगळं तेलात सुटतं, वर पाण्याचा हात फिरवला की दुधासारखं पांढरं होऊन वाहून जातं. आता विचार बरोबर आहे म्हटल्यावर तो कुठेही वापरायला आपण मोकळे. दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही, मेकअप नाही, सनस्क्रीन नाही, तरी दोनदा धुवा. हसताना गाल ओढले जायला लागले की समजा स्वच्छ झाला. नंतर तीन सेकंदांचा नियम, म्हणजे तोंड पुसल्यापासून तीन सेकंदांत टोनर लागलाच पाहिजे, नाहीतर ओलावा उडून जातो म्हणे. मी बाटलीचं झाकण आधीच उघडून, ती दोन गुडघ्यांत धरून, वाकून तोंड धुतलेलं आहे. पाठीचा रूटीन वेगळा असतो, त्यावर नंतर कधीतरी.

आता खरी मजा. एसेन्स म्हणजे पातळ सीरम, ॲम्प्यूल म्हणजे दाट सीरम आणि सीरम म्हणजे सीरम. यात फरक काय असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, फक्त दयेने बघायचं. एसेन्समध्ये गोगलगाय हवीच, ९६ टक्के गोगलगायीचा स्राव असं ठळक लिहिलेलं मिळतं, उरलेल्या चार टक्क्यांत काय आहे हे वाचत बसू नका, गोगलगाय तरी वाचते का. ते बोटावर घेतलं की तार सुटते. तारेचं एक टोक गालावर, दुसरं बोटावर आणि मधली टीशर्टवर, अशा अवस्थेत नेमकी दाराची बेल वाजते. गोगलगाय जुनी वाटायला लागली असेल तर सध्या सॅमन मासा चालू आहे. म्हणजे पीडीआरएन, सॅमनच्या वीर्यातून काढलेल्या डीएनएचे तुकडे. कोरियातल्या स्किन क्लिनिकमध्ये ते सुईने त्वचेच्या आत सोडतात, आपण ते वरून थोपटायचं. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू धड त्वचेतून सहजी आत शिरत नाही असा त्वचाशास्त्रातला ठोकताळा आहे आणि हे तुकडे हजारो डाल्टनचे, म्हणजे सुईच्या नेढ्यात दोरखंड ओवायचा कार्यक्रम. पण आपण प्रेमाने थोपटतोय ना? मग.

थोपटायचं हां, चोळायचं नाही. प्रत्येक थरानंतर थांबायचं, मुरू द्यायचं, मग पुढचा थर. मध्ये शीट मास्क येतो, पंधरा-वीस मिनिटांचा, तो लावून मी एकदा झोपले आणि पहाटे वाळलेल्या कागदासकट उठले. फोनने ओळखच दाखवली नाही. सकाळी हेच सगळे थर पुन्हा, आणि शेवटी सनस्क्रीन लावायला घेतलं की गंमत होते, खालचे पाचसहा थर सुटून हाताखाली बारीक पांढऱ्या वळ्या यायला लागतात, खोडरबर घासल्यावर वहीवर पडतो तसा चुरा. कपाळावरून झटकावा लागतो. ग्लास स्किन झटकणारी मी पहिलीच नसेन.

सनस्क्रीन ही एकच पायरी अशी आहे जिचा उपयोग होतो याबद्दल कुणाचंच दुमत नाही, म्हणून ती घाईघाईत उरकायची. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, आपण मात्र चुरा पडू नये म्हणून वाटाण्याएवढं घेऊन तेच गळ्यापर्यंत ओढायचं. शिवाय डबीवरचा आकडा मोठा हवा. २०२० च्या डिसेंबरात एका लाडक्या कोरियन सनस्क्रीनचं बिंग फुटलं होतं, डबीवर ५०+ आणि युरोपातल्या प्रयोगशाळेत भरला १९. त्यातून मी एवढाच धडा घेतला की पुढच्या वेळी तीन सनस्क्रीन एकावर एक लावायची, बेरीज करून होईलच पन्नास.

आणि ॲसिडं विसरू नका, म्हणजे वरची मेलेली त्वचा सोलून काढणारी. सोमवारी एएचए नावाचं ॲसिड, मंगळवारी बीएचए नावाचं दुसरं, बुधवारी रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए, गुरुवारी विश्रांती असं मी एक्सेलमध्ये मांडलं होतं, रंगबिंग देऊन, पण गुरुवारचा हिरवा रकाना रिकामा बघवेना म्हणून तिथं व्हिटॅमिन सी टाकलं. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर पुरळ आलं. घाबरायचं नाही, याला पर्जिंग म्हणायचं. रेटिनॉलने किंवा ॲसिडने सुरुवातीचे काही आठवडे पुटकुळ्या वाढू शकतात हे खरंय, त्यामुळे या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला आपण वाट्टेल ते लपवू शकतो. गोगलगायीने पुरळ आलं, पर्जिंग. उशीचा अभ्रा महिनाभर धुतला नाही, पर्जिंग. बहीण म्हणाली, ताई तुझं नाक सोलतंय. मी म्हटलं, आतली घाण बाहेर पडतेय.

आता ज्याला आपण घाण म्हणतो तो त्वचेचा सगळ्यात वरचा थर, मेलेल्या पेशींच्या पंधरा-वीस पदरांचा, सगळा मिळून मिलिमीटरच्या दोन शतांशाइतकाही जाड नाही, पाणी आत धरून ठेवायचं आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं एवढंच त्याचं काम. पेशींच्या मधली भर सेरामाइड नावाच्या स्निग्ध पदार्थाची. तो आपण निष्ठेने खरवडून काढायचा, चेहरा लाल झाला, साधं पाणी झोंबायला लागलं की 'बॅरिअर रिपेअर' लिहिलेलं क्रीम आणायचं आणि मागे बारीक अक्षरात वाचायचं, सेरामाइड. म्हणजे आपलंच, फुकटचं, आपण धुऊन टाकलेलं, डबीत भरून परत. सोबत सिका हवं, ते शांत करतं. सिका म्हणजे सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी, पण मंडूकपर्णी म्हटलं की पाकीट उघडत नाही. म्हणून 'टायगर ग्रास' म्हणतात, जखमी वाघ त्यात लोळतात अशी दंतकथा आहे. वाघाला कुणी ॲसिड लावलं होतं ते मात्र दंतकथेत नाही.

या सगळ्यात एक छोटी अडचण अशी की दहा पायऱ्यांचा गाजावाजा केला तो मुख्यतः अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी आणि ब्यूटी मासिकांनी, आणि खुद्द कोरियात २०१८-१९ पासून 'स्किप-केअर' आलंय, म्हणजे पायऱ्या गाळा, तीन-चार बाटल्यांत आटपा. ही माहिती पूर्ण दहा बाटल्या घेऊन झाल्यावरच वाचा. आणि मन खट्टू करून घेऊ नका, स्किप-केअरचीही प्रॉडक्ट्स निघालीत, ती या दहांच्या जोडीला घेता येतात.

शेवटी मी गेले डॉक्टरकडे. बाई माझी एक्सेल शीट दोन मिनिटं शांतपणे वाचत होत्या, मग विचारलं, तुम्ही नोकरी करता का? मग सांगितलं, साधं फेसवॉश, एक मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी सगळं बंद, चार आठवड्यांनी या. नवी पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण तेवढेच दिवस लागतात म्हणे, तरुण असाल तर. अठ्ठावीस दिवस मी चेहऱ्याला काहीच केलं नाही. फार कंटाळवाणे गेले. लाली गेली, सोलणं थांबलं, ऑफिसात एकीने विचारलं, अगं काय लावतेस?

तर अशा वेळी उत्तर तयार पाहिजे, फेसवॉश लावते असं सांगून स्वतःची किंमत घालवू नका. मी टायगर ग्रासच्या ॲम्प्यूलचं नाव सांगितलं. तिने लगेच ऑर्डर केलं. माझ्याकडची बाटली अजून सीलबंद आहे, आधी विचारलं असतं तर तिलाच विकली असती.