ट्रम्पेटचा भरदार सूर दाबून निघत नाही

गणेशोत्सव जवळ आला की वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या तरुण वादकांच्या गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात सांगितलेले असते की, ट्रम्पेटचा आवाज कसलेल्या वादकासारखा भरदार हवा असेल तर माउथपीस (वाद्याचा ओठांना टेकवायचा पेल्यासारखा तुकडा) ओठांवर घट्ट दाबावा, पोट दगडासारखे टणक करून फुंकावे, रोज पूर्ण ताकदीने वरचे सूर ताणावेत आणि मोठा माउथपीस घ्यावा. मुलांना ट्रम्पेट शिकवताना या सल्ल्याने सुजलेले ओठ मी पाहिले आहेत. म्हणून हे उत्तर.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. सनईला जिव्हाळी, म्हणजे फुंकल्यावर कंप पावणारी पाती, असते. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठ हीच जिव्हाळी. ओठांचा कंप आणि नळीतल्या हवेचा स्वाभाविक कंप यांचा मेळ बसला की सूर आपोआप भरतो. माउथपीसची कडा ओठांत रुतली की हा कंप अडतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि वरचा सूर लागला तरी तो पातळ व चिरका लागतो. विख्यात अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ओठांना वादनामुळे इतकी इजा झाली होती की, ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला पुढे त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ हे नाव मिळाले.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या ओठावर दोन गाणी वाजवल्यानंतर जांभळे कडे उमटत असे आणि बराच वेळ जात नसे. मी त्याला ट्रम्पेट मुठीत न धरता डाव्या तळहातावर नुसता ठेवायला सांगितला, म्हणजे दाबण्याची सोयच उरली नाही, आणि एकही व्हॉल्व्ह (सूर बदलण्याची कळ) न दाबता मधला ‘जी’ हा सूर लावायला सांगितला. आधी फक्त हवा गेली. तिसऱ्या दिवशी सूर आला, लहानसा पण गोल. हाच सूर पुढे वाढवायचा असतो.

पोट टणक करण्याविषयी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. उच्छ्वासाचे काम पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. सगळेच एकदम आवळले की ते एकमेकांविरुद्ध ओढतात, गळा आक्रसतो आणि हवा आतच कोंडते. १९४४ ते १९८८ या काळात शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा (खर्जातले मोठे पितळी फुंकवाद्य) वाजवणारे आर्नोल्ड जेकब्स आयुष्यभर हेच शिकवत राहिले की, हवा वाहती हवी, कोंडलेली नको.

वरचे सूर ताणण्याच्या सल्ल्यामागचे कारण मी समजू शकतो. मिरवणुकीत शेजारी डीजे असतो, वादकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि कर्कशपणा म्हणजेच ताकद, असे वाटू लागते. प्रत्यक्षात फार जोराने फुंकल्यावर सुरातले वरचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर) वाढतात आणि तो झणझणीत होतो. त्याचा पाया मात्र रुंदावत नाही. उस्ताद फैयाज खाँ ज्या बडोद्याचे दरबारगायक होते, त्या शहरात खर्जाच्या साधनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ट्रम्पेटवरही खालचे सूर हळू आवाजात, जिभेचा आघात न देता, एका श्वासात सरळ धरणे हाच रियाज आहे, आणि हळू सुरू झालेला सूर न तुटता मोठा करता येणे ही त्याची कसोटी. रोज वाजवावे, हे मात्र त्या संदेशाने बरोबर सांगितले आहे.

राहिला मोठा माउथपीस. बाख या कंपनीचा ७सी क्रमांकाचा माउथपीस आतून सुमारे १६.२ मिलिमीटर रुंद असतो आणि १½सी सुमारे १७ मिलिमीटर. फरक मिलिमीटरहूनही कमी आहे, पण कच्चे ओठ तेवढ्यानेही लवकर थकतात आणि थकलेला वादक पुन्हा दाबू लागतो. वर उल्लेखलेल्या मुलाचा ७सी मी बदलू दिलेला नाही.