आधी चालून दाखव, मग ऑपरेशनचं बोलू

ठाण्यात चरईला राहणाऱ्या मामाच्या छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर पडला, एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसं सैल पडून दम लागायचा आजार, आणि दोन तासांत आमच्याकडे तीन पार्ट्या तयार झाल्या. एक पार्टी म्हणे डायरेक्ट लंग ट्रान्सप्लांट, दुसरी म्हणे छे, हल्ली दुर्बिणीतून फुफ्फुसात व्हॉल्व्ह बसवतात (त्यात एका आत्याने 'पण हार्ट तर चांगलंय ना त्याचं?' असं विचारलं, ते समजावण्यात अर्धा तास गेला), आणि तिसरी पार्टी म्हणजे मामी आणि तिच्या दोन्ही बहिणी, या वयात छाती फाडायची नाही, गुपचूप ऑक्सिजनचं मशीन घरी आणा. मामा ६८ वर्षांचा, वागळे इस्टेटला ३० वर्षं नोकरी, सिगरेट सुटून सहा वर्षं झाली, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. हल्ली तो खालीच उतरत नाही. हे मात्र ग्रुपवर कुणी लिहिलं नाही, मामी फोनवर सहज बोलून गेली, आणि मला विचाराल तर अख्ख्या केसमध्ये महत्त्वाचं तेवढंच आहे.

मी इंग्लंडात लेस्टरला असते, डॉक्टर वगैरे नाही, अकाउंट्समध्ये आहे. पण आमच्या शेजारच्या गुजराती काकांना हाच एम्फिसीमा, जन्मभर बस चालवली त्यांनी, आणि त्यांच्या व्हॉल्व्हचं प्रकरण मी पहिल्यापासून बघितलंय. इथे चेस्टवाल्या डॉक्टरने ऑपरेशनचा विषयच काढला नाही आधी, सरळ पल्मनरी रिहॅबला पाठवलं. नाव भारी आहे पण प्रकार काय तर कम्युनिटी हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा दहा-बारा म्हातारे सायकल मारतायत, एका पायरीवर चढउतार करतायत, धाप लागली की ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडतायत. सात आठवडे मी सोडायला जायचे. काका चिडायचे, म्हणे मला श्वास येत नाही म्हणून आलो आणि हे मला पळवतायत!

पण यामागे हिशोब आहे. इथे कुणाला कुठला उपचार द्यावा ते सांगणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेची गाइडलाइन सांगते की रिहॅब पूर्ण करा, आणि तरीही दम लागून जगणं अवघड असेल, एका सेकंदात फुंकलेली हवा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी असेल, सिगरेट बंद असेल आणि सहा मिनिटांत निदान १४० मीटर चालता येत असेल, तर तुमचं फुफ्फुस लहान करायचा विचार करू. हो, लहान करायचा. एम्फिसीमात फुफ्फुसाचं इलास्टिक सैल पडतं, हवा आत जाते पण बाहेर निघत नाही, छाती फुगून बसते आणि खालचा पडदा दाबून सपाट होतो. मग सगळ्यात खराब झालेला भाग काढून टाकला किंवा व्हॉल्व्ह लावून बंद पाडला की उरलेल्याला हलायला जागा मिळते.

आता तिसऱ्या पार्टीची भीती अगदीच खोटी नाही हे पण सांगते. अमेरिकेत १,२१८ पेशंट घेऊन मोठी ट्रायल झाली, मुख्य निकाल २००३ साली आला, तिच्यात ज्यांची फुफ्फुसं फारच गेलेली आणि वर सगळीकडे सारखीच खराब किंवा रक्तात हवा पोचवायला जवळजवळ निकामी होती अशांमध्ये ऑपरेशननंतर ३० दिवसांत शंभरातले १६ गेले, औषधांवरच्या तसल्याच पेशंटमधला एकही नाही. पण ज्यांचा आजार मुख्यतः वरच्या भागात होता आणि रिहॅब करूनही ज्यांची ताकद कमीच राहिली ते ऑपरेशनने जास्त जगले. म्हणजे 'करावं का' हा प्रश्नच अर्धवट आहे, कुणाचं करावं ते विचारा, आणि ते पेशंटकडून आधी रिहॅब करवून घेतल्याशिवाय कळत नाही!

व्हॉल्व्हवाल्यांनाही तेच. अमेरिकेत २०१८ ला मान्यता मिळाली, छाती उघडावी लागत नाही, सगळं खरं, पण फुफ्फुसाच्या दोन खणांमधली भिंत अखंड पाहिजे, नाहीतर शेजारून हवा येत राहते आणि व्हॉल्व्ह नुसताच बसून राहतो. आणि काकांचं फुफ्फुस तिसऱ्या दिवशी पंक्चर झालं, छातीत नळी घालून आठवडाभर ठेवलं, व्हॉल्व्ह बसवणाऱ्यांत चारातल्या एकाला साधारण असं होतं. आज ते मंदिरापर्यंत चालत जातात, पण तो आठवडा मी विसरणार नाही.

राहिला ट्रान्सप्लांट. चुलतभावाने बातमी टाकली की भारतात २०२३ मध्ये अवयवासाठी नोंदणीची ६५ वर्षांची अट काढली. काढली, मान्य, पण नोंदणी करता येणं वेगळं आणि ६८ व्या वर्षी सर्जन हो म्हणणं वेगळं.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. व्हॉल्व्ह बसवायचा की नाही ते ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मीटिंगपर्यंत काकांची केस पोचायलाच दहा महिने गेले, आमच्या मामाचा सीटी ठाण्यात सकाळी सांगितला आणि संध्याकाळी हातात. मशीन, सर्जन, कशात कमी नाही आपण. फक्त महागडं ते सगळं आपल्याला माहितीय आणि सायकल-पायरीचा तो बावळट दिसणारा क्लास कुणी सांगत नाही, मामाच्या डॉक्टरने पण नाही सांगितला, पाच मिनिटांत तीन इन्हेलर लिहून मोकळा. ग्रुपवर घोडबंदरच्या धुळीवर चाळीस मेसेज झाले, फिजिओवर एक पण नाही. मामी तर म्हणाली, "अगं, चालायला काय डॉक्टर लागतो?" लागतो मामी, ऑक्सिजन किती उतरतो ते बघायला कुणीतरी लागतंच.

शेवटी मामेभावाने नौपाड्यातली एक फिजिओ शोधलीय, घरी येईल म्हणते. सहा मिनिटांच्या टेस्टला ३० मीटर सरळ पॅसेज हवा असं तिने सांगितलं, आणि यांच्या घराचा पॅसेज बारा पावलांचा. मामा म्हणाला, मग तलावपाळीवर करू, तिथे पाहिजे तेवढं सरळ आहे. तीन मजले उतरावे लागतील हे त्याला कुणी आठवण करून दिलं नाही, मी पण गप्प बसले.