पॅटी गॅसोंच्या नावावर खपवलेली छडी

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला दादाने एक मेसेज पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण, खाली टोपी घातलेल्या एका अमेरिकन बाईचा फोटो आणि त्याखाली तोच लांबलचक मजकूर, जो तोवर आणखी तीन ग्रुपांवरून माझ्याकडे येऊन गेला होता. फरक एवढाच की या वेळी खाली दादाची स्वतःची ओळ होती : ‘हेच मी तिला रोज सांगतोय.’

ती म्हणजे माझी भाची. वय चौदा, शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. दीड महिन्यापासून तिचा उजवा खांदा दुखतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल कोच पॅटी गॅसो या साध्या गृहिणी, आयुष्यात कधी बॉल हातात धरलेला नाही, आणि थेट मुख्य कोच झाल्या. तीस वर्षांत त्यांची टीम एकदाही हरली नाही. गुपित काय, तर मैदानावर हसायचं नाही, रडायचं नाही, पिचरने रोज तीनशे बॉल टाकायचेच आणि दुखतंय म्हणणारीला त्याच दिवशी घरी पाठवायचं. त्यांच्या टीममधल्या एका मुलीने एका मोसमात १२२ होमरन, म्हणजे बॉल थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके, मारले. आणि शेवटी उपदेश : मुलींना लाडावून ठेवणाऱ्या पालकांनी आणि कोचनी हे जरूर वाचावं.

मी वाचलं. पाच वेळा वाचलं. आधी खांद्याचं बोलते, कारण बाकीचं थांबू शकतं.

सॉफ्टबॉलमध्ये पिच खालून टाकतात, हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण गरकन फिरवून. त्यामुळे आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की खालून टाकलेल्या बॉलने खांद्याला काही होत नाही, कितीही टाका. मी नव्वदच्या दशकात कॉलेजकडून कॅचर म्हणून खेळले. आमच्या पिचरलाही सर हेच सांगायचे, आणि शेवटच्या वर्षी तिला केस विंचरायला हात वर नेता येत नव्हता. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा पिचरांचं प्रत्यक्ष सामन्यात चित्रण करून त्यांच्या खांद्यावर येणारा ताण अभ्यासकांनी मोजला. सांधा ओढून काढू पाहणारा जोर सरासरी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के भरला. म्हणजे वरून बॉल फेकणाऱ्या बेसबॉलच्या पिचरांच्या खांद्यावर येतो, जवळपास तसाच ताण. हे आकडे मोठ्या, तयार खेळाडूंचे आहेत. चौदा वर्षांच्या मुलीचे नेमके तेवढेच असतील असं मी म्हणत नाही. पण ‘खालून टाकलं की काही होत नाही’ हे वाक्य तरी यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारू नये. दुखरा खांदा, त्यावर रोज तीनशे बॉल, आणि हे सगळं कुणाच्या नावावर? तर गॅसोंच्या.

त्या गॅसोंनी २०२२ मध्ये काय केलं ते बघा. जॉर्डी बाल ही त्यांची पिचर कॉलेजच्या पहिल्याच वर्षात होती, आणि त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमध्ये देशात सर्वोत्तम ठरली. बाद फेऱ्या तोंडावर आल्या आणि तिचा हात दुखायला लागला. मेसेजचा नियम खरा असता तर तिची पाठवणी तरी झाली असती, नाहीतर दुखऱ्या हाताने तिला टाकायला तरी लावलं असतं. झालं असं की ऐन मोक्याला तिला काही आठवडे विश्रांती दिली गेली, आणि होप ट्रॉटवाइन आणि इतर पिचरांनी भार उचलला. बाल परतली तीही बेताबेताने. टीमने अंतिम फेरीत टेक्सासला १६-१ आणि १०-५ असं हरवून अजिंक्यपद घेतलं. पुढच्या वर्षी बाल, निकोल मे आणि अ‍ॅलेक्स स्टोराको अशा तिघींनी मिळून पिचिंग वाटून घेतलं. त्या मोसमाचा हिशेब ६१ विजय आणि १ पराभव. एकाच मुलीचा हात पिळून काढून हे झालेलं नाही. हाताशी चार चांगल्या पिचर असणं ही चैन आहे, ती आपल्या शाळेच्या टीमला परवडत नाही, हे मला कळतं. म्हणून तर आपल्या एकुलत्या एक पिचरला जास्त जपायला हवं.

आता ‘कधीच हरली नाही’. ओक्लाहोमा विद्यापीठाने आपल्या टीमचा वर्षवार निकाल जाहीर ठेवलेला आहे. कुणालाही फोनवर दहा मिनिटांत बघता येतो. मेसेज लिहिणाऱ्याने बघितला नाही, पुढे ढकलणाऱ्यांनी बघितला नाही. मी बघितला.

१९९५चा मोसम हा गॅसोंचा तिथला पहिला. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलची शेवटची आठ टीमांची स्पर्धा म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज. पहिली पाच वर्षं ओक्लाहोमा तिथवर पोचलीच नाही. सहाव्या वर्षी, २०००मध्ये, पोचली आणि यूसीएलएला ३-१ हरवून थेट जिंकली. इथवर ऐकलं की वाटतं, झालं, आता गाडी सुटली. तर नाही. पुढची चार वर्षं टीम त्या स्पर्धेत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. २००५ ते २०१० अशी सलग सहा वर्षं तिथवर पोचलीसुद्धा नाही. सहा वर्षं, दादा. आपल्याकडे सहा महिन्यांत निकाल दिसला नाही तर पालक कोच बदलतात. २०१२मध्ये अंतिम फेरीचा तिसरा, निर्णायक सामना अलाबामाकडून ५-४ असा गेला. दुसरं अजिंक्यपद आलं २०१३ला. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये तेरा वर्षं. त्यानंतर २०१६, २०१७, आणि मग २०२१ ते २०२४ अशी सलग चार, जी पहिल्या श्रेणीच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये आधी कुणालाच जमली नव्हती. एकूण आठ. या आठांच्या मधल्या जागेत जे आहे, तेच मेसेजमधून गाळून टाकलंय.

त्यातलं २०२१ मला भाचीला बसवून सांगायचंय. ओक्लाहोमाला अव्वल मानांकन होतं. पहिला सामना जेम्स मॅडिसन विद्यापीठाशी, ज्यांना मानांकनच नव्हतं. ओडिसी अलेक्झांडर नावाच्या त्यांच्या पिचरने ओक्लाहोमाच्या तगड्या बॅटरांना रोखून धरलं आणि आठव्या इनिंगमध्ये ओक्लाहोमा ४-३ हरली. या स्पर्धेत अंतिम फेरीआधी दुसरा पराभव म्हणजे घरी. मग जॉर्जिया, मग यूसीएलए, आणि पुन्हा समोर तीच जेम्स मॅडिसन. तिला एकदा नव्हे, दोनदा हरवावं लागलं. अंतिम फेरी फ्लोरिडा स्टेटशी, तीन सामन्यांची. पहिला सामना ८-४ असा हरल्या. पुढचे दोन ६-२ आणि ५-१ जिंकल्या. म्हणजे एका स्पर्धेत दोन पराभव खाऊन अजिंक्यपद. पहिल्या संध्याकाळच्या त्या पराभवानंतर मुलींना कुणी ‘हरलात, तोंड दाखवू नका’ म्हटलं असतं, तर पुढचे सामने कोण खेळलं असतं?

‘कधीच हरली नाही’ हे आलं कुठून, त्याचाही अंदाज आहे. फेब्रुवारी २०२३ ते मार्च २०२४ या काळात ओक्लाहोमाने सलग ७१ सामने जिंकले. आधीचा विक्रम अ‍ॅरिझोनाच्या ४७चा होता. कुणीतरी ७१ सामन्यांची तीस वर्षं करून टाकली. आणि ती मालिका तुटली कुठे? नव्याकोऱ्या लव्ह्ज फील्डवर, ते घरचं मैदान उघडलं त्याच आठवड्यात, लुइझियानाकडून. त्याच मोसमाच्या शेवटी त्यांनी चौथं सलग अजिंक्यपद घेतलं. २०२५मध्ये मात्र उपांत्य फेरीत टेक्सास टेकने ३-२ हरवलं. मग काय, आता गॅसोंनाही घरी पाठवायचं का?

‘हसायचं नाही, रडायचं नाही’ या वाक्याने तर माझा संताप झाला. या टीमवर अमेरिकेत टीका होते ती नेमकी उलट कारणासाठी : फार जल्लोष करतात, होमरन मारला की नाचतात, डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर, सतत गलका असतो. २०२३च्या अंतिम फेरीच्या सुमाराची एक पत्रकार परिषद खूप गाजली. जिंकत राहण्याचं एवढं ओझं असताना खेळातला आनंद टिकवता कसा, असा प्रश्न होता. ग्रेस लायन्स, जेडा कोलमन आणि अलिसा ब्रिटो या तिघींनी उत्तरं दिली. आमचा आनंद निकालावर टांगलेला नाही, तसा तो टांगला तर टिकणार नाही, असा लायन्सच्या बोलण्याचा गाभा होता. त्या तो आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी जोडतात. आपली श्रद्धा वेगळी असेल, नसेलही. पण पुढ्यात अंतिम सामना असताना विशीतल्या मुली कोचशेजारी बसून असं मोकळं बोलतात, त्या हसण्यावर बंदी असलेल्या टीममधल्या असूच शकत नाहीत.

आणखी एक. २०२१च्या त्याच स्पर्धेत वेळापत्रक इतकं दाटीचं होतं की सामने मध्यरात्रीपर्यंत लांबायचे आणि विश्रांतीचा दिवस मिळायचा नाही. पुरुषांच्या बेसबॉल स्पर्धेत मात्र तसं नव्हतं. यावर जाहीरपणे बोलणाऱ्यांत गॅसो होत्या, तेही स्वतः जिंकत असताना. त्या वर्षी मुला-मुलींच्या स्पर्धांमधल्या तफावतीची बाहेरच्या वकिलांकडून तपासणी झाली, अहवालात सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमधला फरक नोंदवला गेला, आणि पुढच्या वर्षी स्पर्धेचे दिवस वाढले. आपल्या मुलींना झोप मिळावी म्हणून भांडणाऱ्या बाईच्या तोंडी ‘दुखतंय म्हणणारीला घरी पाठवा’ घालणं, ही निव्वळ बदनामी आहे.

त्या कडक आहेत का? आहेत. हे मला मान्य करावंच लागेल. सराव दमवणारा असतो, संघात जागा मिळवावी लागते, आणि ती एकदा मिळाली म्हणून कायम राहत नाही. मेसेजमध्ये कुठे खऱ्याचा कण असेल तर तो एवढाच. पण कडक असणं आणि क्रूर असणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने मुलांच्या मैदानाजवळ फिरकू नये.

गृहिणी आणि बॉल हातात न धरलेली? गॅसो कॅलिफोर्नियाच्या. एल कॅमिनो कॉलेजकडून आणि मग लाँग बीच स्टेटकडून खेळल्या. १९९० ते १९९४ लाँग बीच सिटी कॉलेजच्या कोच होत्या. मग ओक्लाहोमाला आल्या, तेव्हा विद्यापीठाच्या टीमला स्वतःचं मैदानही नव्हतं. नॉर्मन गावातल्या रीव्हज पार्क या सार्वजनिक बागेत सामने व्हायचे. स्वतःचं मैदान १९९८ला मिळालं. ही गोष्ट मेसेजमधल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, पण ती सांगायची तर वीस वर्षांची मेहनत सांगावी लागते.

१२२ होमरन जॉसेलिन अलोचे, हे खरं. पण एका मोसमात नाही. २०१८ ते २०२२ अशा तिच्या पूर्ण कॉलेज कारकिर्दीत. आधीचा विक्रम ९५चा होता, तोही ओक्लाहोमाच्याच लॉरेन चेंबरलेनचा. पुढे.

आमच्या मामेभावाने ग्रुपवर आणखी एक पुरवणी जोडली : ‘फायनल तिच्या घराजवळच होते, म्हणून जिंकते.’ अर्धं खरं आहे. १९९०पासून, १९९६ आणि करोनामुळे रद्द झालेलं २०२० सोडता, ही स्पर्धा ओक्लाहोमा सिटीत होते. नॉर्मनहून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. मैदानात तांबड्या कपड्यांची गर्दी असते आणि तिचा फायदा होतोच. पण मग त्याच राज्यातली ओक्लाहोमा स्टेट तिथे वारंवार पोचूनही एकदाही का जिंकली नाही? आणि त्याच मैदानाने गॅसोंना २००० नंतर तेरा वर्षं का झुलवलं?

दादा, तू हे वाचशील म्हणून ग्रुपवर न टाकता इथे सविस्तर लिहिलं. फिजिओथेरपिस्टने तिला तीन आठवडे बॉल टाकू नको असं सांगितलंय, हे तिने तुला सांगितलेलं नाही. मला सांगितलं, कारण तुझ्या त्या मेसेजमधलं ‘घरी पाठवा’ तिने वाचलंय. उद्या सकाळी साडेपाचला तिला उठवू नकोस. जिल्ह्याची निवड चाचणी अजून अडीच महिने लांब आहे. तोवर ती बॅटिंग करेल, बेस पळेल, आणि शनिवारी मी येतेय, तेव्हा माझ्यासोबत बसून जेम्स मॅडिसनचा तो सामना बघेल.