आरचं लायब्ररी फोल्डर पेस्ट करून 'रिप्लेस' म्हणू नका

परवा रात्री भाचीचा फोन आला. एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट दोन दिवसांवर आलेला आणि नवं 'आर' (आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची संगणकभाषा) धड सुरूच होईना. तिच्या वर्गात फिरणारा मेसेज तिनं मला पाठवला: "आर अपडेट केल्यावर पॅकेजेस परत टाकत बसू नका, दिवस जातो. जुन्या व्हर्जनचं अख्खं लायब्ररी फोल्डर नव्यात पेस्ट करा, विंडोजनं विचारलं की 'रिप्लेस' म्हणा. वॉर्निंग आली तर सोडून द्या. मॅकवरही चालतं."

घात केला तो 'रिप्लेस'नं. त्या फोल्डरात तुम्ही टाकलेल्या जीजीप्लॉटसारख्या पॅकेजेसशेजारी (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा तयार कोडचा संच) बेस, स्टॅट्स, युटिल्स, मेथड्स अशी आरची स्वतःची १४ बेस पॅकेजेस असतात. नव्या ४.४ आवृत्तीच्या डोक्यावर जुन्या ४.१ ची बेस पॅकेजेस बसवली, तर ते चालणार कसं? शिवाय एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० पासून विंडोजवरचं आर यूसीआरटी या वेगळ्या सी रनटाइमवर (प्रोग्रॅम चालताना लागणारा पायाभूत कोड) गेलंय. सी, सी++ किंवा फोर्ट्रानचा कोड असलेली त्याआधीची पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करावीच लागतात. पोरांच्या प्रोजेक्टशी खेळ आहे हा!

कॉपी करणं मुळातच चूक नाही, एवढं मान्य करावं लागेल. आरच्या विंडोज एफएक्यूमध्येच (नेहमीच्या प्रश्नांची अधिकृत उत्तरं) तो मार्ग दिलाय. पण त्याच वाक्यात पुढे नव्या आरमध्ये 'अपडेट डॉट पॅकेजेस' ही आज्ञा 'चेकबिल्ट' हा पर्याय ट्रू ठेवून चालवायला सांगितलंय. जुन्या आरवर बनलेली पॅकेजेस ती नव्यानं आणते. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं तेच गाळलं. आणि कॉपी करायची ती फक्त आपण टाकलेली पॅकेजेस.

वॉर्निंगचं म्हणाल तर ४.३.१ वरून ४.३.२ वर जाताना सहसा काही बिघडत नाही. ३.६ वरून ४.० वर जाताना मात्र सगळं पुन्हा इन्स्टॉल करा, असं आरनंच जाहीर केलं होतं. मॅकवर इंटेल चिपसाठी बनलेली पॅकेजेस ॲपलच्या एम१ चिपसाठीच्या आरमध्ये लोडच होत नाहीत. बायोकंडक्टर या जीवशास्त्रीय पॅकेजेसच्या संग्रहाची तर प्रत्येक आवृत्ती ठरावीक आरशी बांधलेली असते.

दिवसही जात नाही. विंडोजवर क्रॅनकडून, म्हणजे आर पॅकेजेसच्या अधिकृत साठ्यातून, तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) मिळतात. भाचीचं जुनं आर अजून होतं, म्हणून त्यातून नावांची यादी काढली, नवं आर काढून पुन्हा टाकलं आणि ती यादी 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस'ला दिली. जेवण होईपर्यंत काम झालं होतं.